कोड खुला, पण कारणे कोठे?

डिसेंबर २०१९ मध्ये सूर्याचे वस्तुमान सुमारे अकरा पृथ्वींइतके कमी झाले. आकाशात अर्थातच काही घडले नव्हते. खगोलशास्त्रात जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲस्ट्रोपाय या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची ४.० ही आवृत्ती त्या महिन्यात प्रसिद्ध झाली आणि तिच्यात सूर्याचे वस्तुमान १.९८८४८ ऐवजी १.९८८४१ झाले (दोन्ही आकडे १० च्या तिसाव्या घाताने गुणायचे, एकक किलोग्रॅम). जुनाच प्रोग्राम नव्या आवृत्तीवर पुन्हा चालवणाऱ्याच्या उत्तरात सहावा सार्थ अंक बदलला. ज्याला सहाव्या अंकाशी कर्तव्य नाही त्याला हे जाणवलेही नसेल. ज्याच्या प्रबंधातील कोष्टक मात्र जुन्या कोष्टकाशी जुळेना, त्याने पहिल्या दोन रात्री आपल्याच प्रोग्राममधील चूक शोधण्यात घालवल्या असणार.

चूक नव्हती. सूर्याला तराजूत घालता येत नाही. ग्रहांच्या गतीवरून जे मिळते ते सूर्याचे वस्तुमान नव्हे, तर वस्तुमान आणि गुरुत्वस्थिरांक यांचा गुणाकार. हा गुणाकार दहाएक अंकांपर्यंत बिनचूक ठाऊक आहे. वस्तुमान वेगळे काढायचे तर त्याला गुरुत्वस्थिरांकाने भागावे लागते, आणि घोडे पेंड खाते ते येथेच. कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापाला सव्वादोनशे वर्षे लोटली, तरी हा स्थिरांक मूलभूत स्थिरांकांमध्ये सर्वांत कमी अचूकतेने ठाऊक असलेल्यांपैकी एक आहे. २०१८ मध्ये चीनमधील एका गटाने तो दोन निराळ्या पद्धतींनी मोजला. दोन्ही मोजमापे कमालीची काटेकोर, पण एकमेकींशी पुरती न जुळणारी. कोडाटा ही आंतरराष्ट्रीय संस्था अशा साऱ्या मोजमापांचा मेळ घालून दर काही वर्षांनी शिफारशीची मूल्ये जाहीर करते. तिच्या २०१४ च्या संचात हा आकडा ६.६७४०८ होता, २०१८ च्या संचात तो ६.६७४३० झाला. भाजक दर दहा लाखांमागे तेहेतीस भागांनी वाढला आणि सूर्य त्याच प्रमाणात हलका झाला.

ॲस्ट्रोपायचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो. प्रत्येक स्थिरांकापुढे त्याचे मूल्य, अनिश्चितता आणि मूळ स्रोत लिहिलेला आढळतो. म्हणजे काय बदलले हे कोड सांगतो. पण हा बदल याच आवृत्तीत का केला, जुने मूल्य हवे असणाऱ्यांसाठी जुना संच निवडण्याची सोय का ठेवली, कोणते पर्याय मांडले गेले आणि कोणते मागे पडले, हे कोडच्या ओळींत मावत नाही. ते प्रकल्प चालवणाऱ्यांच्या आपसातील बोलण्यात असते. हे बोलणे चारचौघांत होत असेल आणि त्याची नोंद राहत असेल, तर कोष्टक न जुळलेल्या विद्यार्थ्याची तिसरी रात्र वाचते.

मुक्तस्रोत प्रकल्पातील सार्वजनिक चर्चेचे मुख्य प्रयोजन हेच आहे: निर्णय उघड्यावर घेणे आणि त्याची कारणे मागे ठेवणे. बाकी सारे उपयोग दुय्यम. भारतात मुक्तस्रोत या शब्दाला गेल्या दहा वर्षांत जी प्रतिष्ठा आली आहे, तिच्यात ही साधी गोष्ट हरवली आहे. एकीकडे विद्यार्थी या चर्चेला नोकरीच्या वाटेवरचा थांबा समजतात, दुसरीकडे सरकारी यंत्रणा कोड प्रसिद्ध करून चर्चेचे दार बंद ठेवतात. दोन्ही चुका वरवर उलट्या दिसतात. मुळात त्या एकच आहेत.

आधी विद्यार्थ्यांची गोष्ट. दरवर्षी वसंत ऋतूच्या तोंडाशी, म्हणजे गूगल समर ऑफ कोडचे अर्ज भरण्याच्या दिवसांत, शेकडो प्रकल्पांच्या सार्वजनिक चर्चेत एकाच घाटाचे संदेश येऊ लागतात. ‘नमस्कार सर, मी अमुक महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. मला पायथन येते. मला आपल्या प्रकल्पात योगदान द्यायचे आहे. सुरुवात कोठून करू?’ २००५ पासून चालत आलेल्या या उपक्रमात निवड होणाऱ्यांमध्ये बहुतेक वर्षी भारतीयांची संख्या सर्वांत मोठी असते. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती तशी मिरवलीही जाते. मात्र निवड झालेल्या एकामागे न निवडलेले कितीतरी जण असतात आणि त्या सर्वांचे संदेश वाचणारे लोक मोजके असतात. त्यांतील बरेचसे आपले नोकरीचे काम संपवून, घरी जेवणे आटोपल्यावर हे संदेश उघडतात. (‘सर’ म्हणून ज्यांना हाक मारली जाते त्यांत पुष्कळ स्त्रिया असतात आणि काही जण तर स्वतःच विद्यार्थी असतात.)

या संदेशात उद्धटपणा नाही, उलट नम्रता ओसंडते. अडचण अशी की त्यात प्रश्न नाही. ज्याने सॉफ्टवेअर वापरलेले नाही, त्याची अडचण ठाऊक नाही आणि कशात रस आहे हेही कळत नाही, त्याला ‘सुरुवात येथून करा’ असे सांगणे म्हणजे अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून ‘मी कोठे जाऊ?’ असे विचारल्यासारखे आहे. सूर्याच्या वस्तुमानातला फरक ज्याला दिसला आणि ज्याने ‘आधीच्या आवृत्तीत हे उत्तर, नव्या आवृत्तीत ते, स्थिरांकाचा संच बदलल्यामुळे असे होते आहे का?’ एवढेच विचारले, त्याने मात्र प्रकल्पाला काहीतरी दिले. त्याचे उत्तर त्याच्यानंतर येणाऱ्या सर्वांसाठी लिहिले जाते. कदाचित दस्तऐवजात एक ओळ वाढते आणि ती ओळ लिहिण्याचे काम बहुधा त्यालाच सांगितले जाते. योगदान म्हणतात ते बहुतेक वेळा इतक्या लहान दारातून सुरू होते.

गाडी रुळावरून किती घसरू शकते हे दोन प्रसंगांत दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या वार्षिक उपक्रमात चार बदल सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. भारतातील एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीने असा बदल किती सहज सुचवता येतो याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पाऊस पडला. कोणी माहितीपत्रकात एक विशेषण घाली, कोणी ‘अद्भुत प्रकल्प’ असे शीर्षक जोडी. काही दिवसांतच आयोजकांना नियम फिरवून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग मान्य केला आहे तेवढ्यांतीलच बदल मोजावे लागले. दुसरा प्रसंग २०२४ च्या आरंभीचा. वेब-विकासाच्या जगात एक्स्प्रेस हा प्रकल्प अतिशय मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. एका भारतीय शिकवणीच्या चित्रफितीत बदल कसा सुचवावा हे दाखवताना त्या प्रकल्पाचे उदाहरण घेतले गेले. पाहणाऱ्या शेकडो नवशिक्यांनी उदाहरण आणि सराव यांत फरक न करता खऱ्याखुऱ्या प्रकल्पाकडे स्वतःचे नाव माहितीपत्रकात घालण्याची विनंती पाठवली.

दोन्ही वेळी समाजमाध्यमांवर भारतीय विद्यार्थ्यांची यथेच्छ टवाळी झाली आणि त्यातली काही उघड वंशद्वेषी होती. ती करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. या मुलांना ती खोली कशासाठी आहे हे कोणी सांगितलेच नव्हते. महाविद्यालयाने सांगितले की योगदान असले की रेझ्युमेला वजन येते. शिकवणीने सांगितले की योगदान म्हणजे हिरवे चौकोन. ज्या व्यवस्थेत प्रयोगवहीसुद्धा प्रयोग करण्यासाठी नव्हे तर सही मिळवण्यासाठी लिहिली जाते, तेथे वाढलेल्या मुलाने मुक्तस्रोत प्रकल्पाकडेही सहीच मागितली, तर त्यात नवल ते काय?

म्हणून दोषाचा मोठा वाटा प्रकल्प चालवणाऱ्यांकडेही जातो, आणि हे फार थोडे जण कबूल करतात. बहुतेक प्रकल्पांच्या सार्वजनिक चर्चेच्या दारावर ‘सर्वांचे स्वागत’ अशी पाटी असते. आत काय चालते हे लिहिलेले नसते. मग कोणी सॉफ्टवेअर बसत नाही म्हणून येतो, कोणी त्याच्या संशोधनासाठी नवी सोय मागायला, कोणी नव्या कार्यशाळेची जाहिरात करायला. या गर्दीत तीन माणसे पुढील आवृत्तीत एखादे फंक्शन काढून टाकावे की नाही यावर वाद घालत असतात आणि तो वाद कोणालाच दिसत नाही. त्रासलेले तिघे मग खासगी गटात जातात. तेथे शांतता असते, निर्णय पटापट होतात आणि बाहेरच्यांना फक्त निकाल कळतो. प्रकल्प बाहेरून खुलाच दिसतो. कोड जागेवर असतो, परवानाही असतो.

खासगी गटाच्या जोडीला हल्ली गप्पांची साधने आली आहेत. स्लॅक, डिस्कॉर्ड यांवर बोलणे सोपे, मैत्रीचे आणि जलद असते. नवख्या मुलाला तेथे प्रश्न विचारताना भीती वाटत नाही, हा त्यांचा खरा गुण. पण या गप्पा शोधयंत्रांच्या पलीकडे राहतात. स्लॅकच्या मोफत योजनेत तर नव्वद दिवसांपूर्वीचे बोलणे पाहताच येत नाही. एखाद्या स्थिरांकाचे मूल्य का बदलले याचे कारण नव्वद दिवसांनी दिसेनासे होत असेल, तर ते कारण नोंदले गेले असे म्हणता येणार नाही. मदत अशा ठिकाणी जरूर मिळावी. निर्णय मात्र तेथे होऊ नयेत. झालाच, तर त्याचे टाचण सर्वांना सापडेल अशा जागी आणून ठेवावे. पायथन भाषेच्या प्रकल्पात २००० सालापासून मोठ्या बदलासाठी लेखी प्रस्ताव मांडण्याची रीत आहे. त्या प्रस्तावात बदलाच्या बाजूची कारणे जशी लिहायची, तशी विरोधी मते आणि नाकारलेले पर्यायही लिहायचे असतात. नमपाय आणि ॲस्ट्रोपाय यांनी हीच रीत उचलली. नाकारलेल्या पर्यायांची यादी हा विज्ञानातला फार मोलाचा, आणि शोधनिबंधांत जवळजवळ कधीच न सापडणारा, मजकूर असतो.

जागेचे प्रयोजन स्पष्ट नसले की तिचा उपयोग दबावासाठीही होतो. एक्सझेड हे फायली आकुंचित करणारे लहानसे साधन जगातील असंख्य लिनक्स यंत्रांवर असते. अनेक वर्षे ते मुख्यतः एकच गृहस्थ बिनपगारी छंद म्हणून सांभाळत होते. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सार्वजनिक चर्चेत काही अनोळखी खाती अवतरली. बदल स्वीकारायला उशीर का होतो, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती सूत्रे का देत नाही, असा त्यांचा तगादा होता. मदतीला तत्पर असलेल्या एका नव्या सहकाऱ्याला हळूहळू अधिकार मिळाले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले. त्याने माग काढला, तेव्हा या साधनाच्या नव्या आवृत्त्यांत चोरवाट पेरलेली सापडली. ती पेरली होती त्याच सहकाऱ्याच्या खात्याने. तगादा लावणारी खाती त्याच कटाचा भाग असावीत असा अनेक जाणकारांचा तर्क आहे. ते खरे असो वा नसो, एक गोष्ट उघड आहे: ज्या चर्चेत कोणीही येऊन सांभाळकर्त्याकडे हिशेब मागू शकतो, त्या चर्चेत हिशेब मागणारा कोण आणि त्याने आजवर काय केले हे कोणी विचारत नाही.

आता दुसरे टोक. २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू हे ॲप आले. त्यावर गोपनीयतेचे आक्षेप आले, आणि २६ मे रोजी सरकारने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड प्रसिद्ध केला. पाऊल स्वागतार्ह होते. माहिती जेथे जाऊन साठते त्या सर्व्हरचा कोड तेव्हा त्यात नव्हता, ही टीका लगेच झाली. त्याहून मूलभूत उणीव मात्र कमी बोलली गेली. ॲप ब्लूटूथबरोबर जीपीएसचे स्थानही नोंदवत असे. कोड वाचून स्थान नोंदले जाते हे कळते. ते का हवे, त्याशिवाय काम भागले नसते का, कोणत्या संसर्गतज्ज्ञाने काय सांगितले, हे कोड वाचून कळत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तर ॲप नेमके कोणी बनवले याची माहिती देता न आल्याबद्दल केंद्रीय माहिती आयोगाने राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राला नोटीस काढली. मग मंत्रालयाने उद्योग आणि शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवकांसह ते तयार झाल्याचे स्पष्ट केले. कर्त्यांची नावे शोधायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागत असेल, तर तो कोड खुला आहे असे म्हणावे, प्रकल्प खुला आहे असे म्हणू नये.

त्याच काळात दुसरे एक काम चालू होते. मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी कोव्हिड१९इंडिया हे संकेतस्थळ सुरू केले. राज्यांची रोजची पत्रके गोळा करायची, आकडे ताडून पाहायचे आणि ते कोणालाही वापरता येतील अशा रूपात ठेवायचे, हा त्यांचा दिनक्रम. वृत्तपत्रे, प्रतिमाने मांडणारे संशोधक, घरात बसून काळजी करणारे लोक, सर्वांनी ते आकडे वापरले. ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत हे चालले. थांबण्याची तारीख त्यांनी आधीच जाहीर केली होती, त्यामुळे आकडे वापरणाऱ्यांना दुसरी सोय पाहायला अवधी मिळाला.

त्या कामातील खरी कठीण बाब आकडे उतरवून घेण्याची नव्हती. बिहारने ९ जून २०२१ रोजी आधी न नोंदलेले ३,९५१ मृत्यू एकदम आकडेवारीत मिळवले आणि दुसऱ्या दिवशीच्या देशाच्या पत्रकात एका दिवसाचे ६,१४८ मृत्यू दिसले. महाराष्ट्रातही आदल्या वर्षी, १६ जून २०२० रोजी, १,३२८ जुने मृत्यू असेच एका दिवशी जोडले गेले होते. हे मृत्यू त्या दिवशी झालेले नव्हते. मग ते आलेखात कोठे मांडायचे? जाहीर झाल्याच्या तारखेला मांडले, तर आलेखात खोटे शिखर उभे राहते आणि त्यावर साथीचे समीकरण बसवणारा फसतो. मागच्या दिवसांत वाटून टाकले, तर वाटणीचे प्रमाण ठरवणार कोण, आणि सरकारी पत्रकाशी तो आलेख जुळणार कसा? दोन्ही बाजूंना भक्कम कारणे आहेत. कोणताही एक निर्णय घेतला तरी तो चालेल, अट एवढीच की तो घेतल्याचे आणि का घेतल्याचे वापरणाऱ्याला सापडले पाहिजे. बावीस वर्षांच्या स्वयंसेवकाने असा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर चार ओळींत लिहून ठेवले, तर तेवढ्याने पाच वर्षांनंतरच्या शोधनिबंधातील चूक टळू शकते.

आक्षेप येईल की सारेच उघड्यावर बोलायचे म्हटले तर बोलणार कोण. आक्षेप खोटा नाही. सार्वजनिक जागी इंग्रजीतून प्रश्न विचारणे, तोही जगातील नामांकित लोक वाचतात अशा ठिकाणी, मराठी किंवा तमिळ माध्यमातून शिकलेल्या मुलीला सोपे नसते. चूक झाली तर ती कायमची नोंदली जाणार, ही भीती खरी आहे. म्हणूनच मदतीची जागा आणि निर्णयाची जागा वेगळ्या असाव्यात. मदतीची जागा जवळची, आपल्या भाषेतली, चुका विसरणारी असावी. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने हे ओळखले होते. केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या या प्रकल्पात देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहिली. त्याच संस्थेतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रपाठ तयार केले. पाठ्यपुस्तकातील एक उदाहरण सोडवून देणे हे काम लहान आहे, पण त्याला आदि आहे, अंत आहे आणि ते बरोबर की चूक हे तपासता येते. ‘सुरुवात कोठून करू’ या प्रश्नाचे ते एक प्रामाणिक उत्तर होते. अशा ठिकाणी हात बसलेला विद्यार्थी मोठ्या प्रकल्पाच्या चर्चेत येतो तेव्हा तो प्रश्न घेऊन येतो.

राहिला प्रश्न बक्षिसाचा. आपल्याकडे संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफच्या संशोधनविषयक निकषांत प्रकाशने, उद्धरणे आणि पेटंट मोजली जातात. सॉफ्टवेअरची वर्षानुवर्षे देखभाल करणे, त्याच्या निर्णयांची नोंद ठेवणे, चारशे संदेशांतून चार कामाचे प्रश्न निवडून त्यांना उत्तर देणे, या कशालाही तेथे रकाना नाही. ज्या प्राध्यापकाने हे केले त्याला बढतीच्या मुलाखतीत ते ‘इतर कार्य’ म्हणून सांगावे लागते. मग विद्यार्थ्याने प्रमाणपत्रापलीकडे पाहावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मायावी हे त्रिमिती आलेखनाचे मुक्तस्रोत साधन जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. ते लिहिणारे प्रभू रामचंद्रन मुंबईच्या आयआयटीत वैमानिक अभियांत्रिकी शिकवतात. अशी उदाहरणे आपण कौतुकाने सांगतो, पण ती घडण्यासाठी रकाना मात्र तयार करत नाही.

कारणे खुली असली की काय साधते हे गुरुत्वीय लहरींच्या बाबतीत दिसले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेला पहिला संकेत ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला, तेव्हा त्या घटनेभोवतीचा डेटाही सर्वांसाठी ठेवला गेला. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतील एका गटाने तोच डेटा तपासून आक्षेप घेतला: संकेत वजा केल्यावर उरलेल्या गोंगाटातही दोन शोधकांमध्ये संबंध दिसतो, मग संकेत खरा कशावरून? आक्षेप गंभीर होता. लायगोशी संबंधित संशोधकांनी विश्लेषणाचा कोडच उघड्यावर मांडून, डेटाच्या कडा नीट न हाताळता फूरिये रूपांतर केले तर असा आभास कसा निर्माण होतो ते दाखवले. वाद लगेच मिटला नाही. पुढे इतर गटांनी स्वतंत्रपणे तपास केला आणि उरलेला गोंगाट निव्वळ गोंगाटच असल्याचे त्यांना आढळले. या सगळ्यात कोणाचे पद, कोणाची संस्था, कोणाचे पारितोषिक कामी आले नाही. डेटा होता, कोड होता आणि प्रत्येक पायरी तशीच का घेतली हे विचारण्याची व सांगण्याची जागा होती.

लायगोचा भारतीय शोधक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहायचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, निर्वात नळ्या, आरसे, लेझर, यांवर बातम्या येत राहतील आणि याव्यात. २०१५ पासून सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्याचे केंद्राचे धोरणही कागदावर आहे. तेव्हा या आणि अशा प्रकल्पांत लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड प्रसिद्ध होईल अशी आशा ठेवायला हरकत नाही. मागायचे ते याच्या पुढचे आहे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक वैज्ञानिक सॉफ्टवेअर प्रकल्पाने पहिल्याच पानावर तीन-चार ओळींत लिहावे: निर्णय कोठे होतात, ते कोणाला वाचता येतात, कोणाला बोलता येते, आणि मदत हवी असेल तर कोठे जावे. याला निधी लागत नाही, समितीही लागत नाही. कोड प्रसिद्ध झाल्याची पुढची सरकारी बातमी येईल, तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणि पत्रकारांनी परवान्याचे नाव वाचून थांबू नये. त्या चार ओळी शोधाव्यात आणि नसतील तर मागाव्यात.

औंढ्याच्या शोधकातून डेटा येऊ लागेल तेव्हा आज अकरावीत असलेली एखादी मुलगी संशोधक झालेली असेल. मराठवाड्यातील जमिनीची कंपने गाळून टाकण्यासाठी लावलेली गाळणी अमुक कंप्रतेलाच का तोडते, असा प्रश्न तिला पडेल. कोडमध्ये तिला तो आकडा सापडेलच. त्याच्या शेजारी त्या आकड्यावर झालेला वादही सापडायला हवा, आणि त्या वादात स्वतःचे एक वाक्य लिहायला जागाही.